टोन कंट्रोल: बेस, ट्रेबल आणि त्यांच्यामागच्या सर्किटविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपूर आणि परिसरातील भजनी मंडळे, घरी ॲम्प्लिफायर जुळवणारे विद्यार्थी आणि जुने संगीतसंच जपून ठेवलेली ज्येष्ठ मंडळी यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. सोपे प्रश्न आधी घेतले असून अडचणीचे नंतर आहेत, आणि पुनरुक्ती टाळण्यासाठी गरजेप्रमाणे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. दुकानात ज्याला कंडेन्सर आणि रेझिस्टन्स म्हणतात, त्यांना येथेही तेच म्हटले आहे. पाठ्यपुस्तकातील ‘धारित्र’ मागितले तर सीताबर्डीतला दुकानदार काढून देईल, असे वाटत नाही.

१. टोन कंट्रोल आणि व्हॉल्यूम यांत फरक काय? दोन्हींनी आवाज कमी-जास्तच होतो ना?

व्हॉल्यूमचा नॉब सगळ्या स्वरांना एकाच प्रमाणात वर किंवा खाली नेतो, त्यामुळे डग्गा आणि झांज यांच्यातील तोल जसाच्या तसा राहतो. टोन कंट्रोल हा तोलच बदलतो: बेसचा नॉब खालच्या वारंवारतांना हात घालतो, ट्रेबलचा नॉब वरच्या वारंवारतांना, आणि मधला भाग दोघेही जवळपास सोडून देतात. मात्र ध्वनिमुद्रणात जे मुळातच नाही, ते टोन कंट्रोल आणून देऊ शकत नाही.

२. बेस, मिड आणि ट्रेबल म्हणजे नेमके किती हर्ट्झ?

निरोगी तरुण कानाला साधारण २० हर्ट्झपासून २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येते, आणि या पट्ट्यात कोठेही सरकारी हद्दीचे दगड रोवलेले नाहीत. व्यवहारात सुमारे २५० हर्ट्झच्या खालचा भाग बेस, ४,००० हर्ट्झच्या वरचा भाग ट्रेबल आणि मधला तो मिड, असे धरले जाते.

हे आकडे आपल्या संगीतावर बसवून पाहिले की चटकन समजतात. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाचा षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा असतो आणि काळी चारमध्ये गाणाऱ्या गायिकेचा सुमारे २०८ हर्ट्झचा. डग्ग्याचा घुमारा १०० हर्ट्झच्या आसपास आणि त्याखाली असतो, तर खंजेरीच्या चकत्यांची किणकिण काही हजार हर्ट्झच्या वर सुरू होते. याचा अर्थ बेसचा नॉब फिरवल्यावर केवळ डग्गाच नव्हे, तर पुरुष गायकाच्या षड्जाचा पायाही हलतो. आवाज एकदम ‘भरदार’ किंवा एकदम ‘पोकळ’ झाला असे वाटते ते त्यामुळेच.

३. नुसत्या कंडेन्सर आणि रेझिस्टन्सने आवाजाचा पोत कसा काय बदलतो?

रेझिस्टन्स सर्व वारंवारतांना सारखाच अडवतो, कंडेन्सर मात्र पक्षपाती असतो. वारंवारता जितकी जास्त, तितका त्याचा अडथळा कमी. ०.१ मायक्रोफॅरडचा एक कंडेन्सर घेतला, ज्याच्या अंगावर १०४ असे छापलेले असते, तर तो १०० हर्ट्झला सुमारे १५,९०० ओहमचा अडथळा करतो, १,००० हर्ट्झला १,५९० ओहमचा आणि १०,००० हर्ट्झला अवघा १५९ ओहमचा. एकच वस्तू डग्ग्यासाठी भिंत आणि झांजेसाठी उघडे दार ठरते, आणि टोन कंट्रोलचा सगळा खेळ या एका गुणधर्मावर उभा आहे.

आता सिग्नलच्या वाटेत १० किलोओहमचा रेझिस्टन्स ठेवून त्याच्या पुढच्या टोकापासून ग्राउंडला हा कंडेन्सर जोडला, तर वरच्या वारंवारता कंडेन्सरमधून ग्राउंडला निघून जातात आणि पुढे बेस उरतो. दोघांच्या जागांची अदलाबदल केली की परिणामही उलटतो. ज्या वारंवारतेला दोघांचा अडथळा सारखा होतो, ती या जोडीची कोपरा-वारंवारता. वरील जोडीसाठी ती सुमारे १५९ हर्ट्झ येते. तेथे सिग्नल ३ डेसिबलने (डेसिबल हे पातळीतला फरक मोजण्याचे माप) खाली आलेला असतो, आणि पुढे प्रत्येक सप्तकामागे सुमारे ६ डेसिबलने उतरत जातो. सप्तक हा शब्द येथे आपल्या संगीतातल्याच अर्थाने घ्यावा: वारंवारता दुप्पट झाली की एक सप्तक. उतार इतका सौम्य असल्यामुळेच टोन कंट्रोलची क्रिया कानाला कापाकापीसारखी न वाटता हलक्या कलासारखी वाटते.

४. पॅसिव्ह आणि ॲक्टिव्ह टोन कंट्रोलमध्ये कोणते चांगले? ‘बॅक्सन्डॉल’ हे काय प्रकरण आहे?

पॅसिव्ह प्रकारात फक्त रेझिस्टन्स, कंडेन्सर आणि पॉट (नॉबमागचा, फिरवून बदलता येणारा रेझिस्टन्स) असतात. असे सर्किट कोणतीही वारंवारता वाढवू शकत नाही. ते आधी सगळा सिग्नल सुमारे २० डेसिबलने, म्हणजे विद्युतदाबाच्या हिशेबाने एक दशांशावर, आणून ठेवते आणि ‘बूस्ट’ म्हणजे त्या कपातीतून दिलेली सूट असते. गमावलेली पातळी भरून काढण्यासाठी पुढे आणखी एक ट्रान्झिस्टर किंवा आयसी लागतो आणि तो स्वतःची थोडी सरसर सोबत आणतो.

ॲक्टिव्ह प्रकाराचा बहुतेक ठिकाणी आढळणारा आराखडा पीटर बॅक्सन्डॉल या इंग्रज अभियंत्याने १९५२ मध्ये ‘वायरलेस वर्ल्ड’ या मासिकात मांडला. त्यात पॉटचे एक टोक इनपुटकडे, दुसरे टोक ॲम्प्लिफायरच्या आउटपुटकडे आणि मधला पाय ॲम्प्लिफायरच्या उलट्या इनपुटकडे जातो. पॉट मध्यावर असताना दोन्ही बाजूंचा अडथळा सारखा असतो, त्यामुळे सगळ्या वारंवारता न वाढता, न घटता पुढे जातात. पॉट इनपुटच्या बाजूला सरकवला की तिकडचा अडथळा कमी होऊन वाढ मिळते, आउटपुटच्या बाजूला सरकवला की निगेटिव्ह फीडबॅक (आउटपुटचा उलटा होऊन इनपुटकडे परतणारा भाग) वाढून घट होते. बेसच्या पॉटला कंडेन्सर समांतर जोडलेले असतात. वरच्या वारंवारतांसाठी ते पॉटची टोके जणू एकमेकांना बांधून टाकतात, म्हणून पॉट फिरवल्याचा पत्ता फक्त बेसला लागतो. ट्रेबलच्या पॉटकडे जाणाऱ्या वाटेत छोटे कंडेन्सर असतात आणि ते बेसला तेथपर्यंत पोहोचूच देत नाहीत.

आज बाजारात मिळणाऱ्या ४५५८ आयसीच्या बहुतेक बेस-ट्रेबल बोर्डांवर याच आराखड्याचे कोणते ना कोणते रूप दिसते. नवे काही बांधायचे असेल तर ॲक्टिव्हच घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. गिटारच्या आत किंवा जुन्या व्हॉल्व्ह रेडिओत (प्रश्न १२ पाहा) पॅसिव्हचे स्थान वेगळे आहे.

५. पॉट बदलताना ए घ्यायचा की बी?

बी म्हणजे लिनिअर (नॉब जेवढा फिरेल त्याच प्रमाणात बदलणारा) आणि ए म्हणजे लॉग (आधी हळू, नंतर वेगाने बदलणारा). बॅक्सन्डॉल पद्धतीच्या ॲक्टिव्ह सर्किटमध्ये लिनिअर लागतो, पॅसिव्हमध्ये सहसा लॉग. ॲक्टिव्ह बोर्डावर चुकून लॉग पॉट बसवला तर काही जळत नाही, पण नॉब मधोमध असूनही सर्किट मधोमध राहत नाही आणि ‘फ्लॅट’ जागा एका बाजूला सरकते. व्हॉल्यूमसाठी मात्र लॉगच हवा.

६. नवा बोर्ड जोडला. बेस वाढवला की डग्ग्याऐवजी गायकाचा आवाजच फुगतो. असे का?

बहुतेक वेळा कंडेन्सरची किंमत चुकलेली असते, आणि हे मी स्वतः केलेले आहे. पहिल्यांदा बोर्ड जुळवताना १०० किलोओहमचा बेस पॉट, १० किलोओहमचे रेझिस्टन्स आणि ४७३ छापलेले दोन कंडेन्सर हवे होते. संध्याकाळी पिवळ्या बल्बखाली मी पुडीतून जे उचलले, त्यांच्यावर ४७२ होते. शेवटचा आकडा म्हणजे पिकोफॅरडमध्ये पुढे किती शून्ये लावायची ते, म्हणून ४७३ म्हणजे ०.०४७ मायक्रोफॅरड आणि ४७२ म्हणजे त्याचा बरोबर दहावा भाग. जी वाढ सुमारे ३४० हर्ट्झपासून खाली सुरू व्हायला हवी होती ती ३,४०० हर्ट्झपासूनच सुरू झाली, आणि बेसचा नॉब फिरवला की गायक मडक्यात तोंड घालून गात असल्यासारखा ऐकू येई. दोन दिवस आयसीवर संशय घेतला. तिसऱ्या दिवशी भिंग घेतले.

म्हणून आयसी बदलण्याआधी कंडेन्सरवरचे आकडे उजेडात वाचावेत. टोन सर्किटमध्ये पॉलिस्टरचे कंडेन्सर वापरावेत. स्वस्त सिरॅमिक कंडेन्सरची किंमत तापमानानुसार बरीच हलते, आणि नागपूरच्या मे महिन्यात बंद डब्यातले तापमान खोलीपेक्षाही वर असते.

७. बेस पूर्ण वाढवला की आवाज फाटतो. स्पीकर खराब आहे का?

स्पीकर बहुधा ठीक असतो, हिशेब चुकलेला असतो. १० डेसिबलची वाढ म्हणजे दहापट वीज. डग्ग्याच्या थापेला आधी २ वॅट लागत असतील, तर नॉब १० डेसिबलने वर नेल्यावर तीच थाप २० वॅट मागते. आपल्याकडे लोकप्रिय असलेला ४४४० आयसी स्टीरिओ जोडणीत एका बाजूला सुमारे ६ वॅट आणि ब्रिज जोडणीत (दोन्ही बाजू मिळून एकाच स्पीकरला) सुमारे १९ वॅट देतो. डब्यावर २०० वॅट छापल्याने त्यात फरक पडत नाही. मागणी पुरवता आली नाही की लाटेचे शेंडे छाटले जातात आणि त्यातून वरच्या वारंवारतांचे नवे कचकचीत स्वर तयार होतात. बेस वाढवल्याने ट्विटर (वरच्या वारंवारतांचा छोटा स्पीकर) जळाल्याच्या तक्रारी येतात, त्यामागे सहसा हेच असते.

चार इंची स्पीकरची आणखी एक मर्यादा असते. त्याच्या नैसर्गिक कंपनाच्या खाली तो आवाज देत नाही, फक्त कागद पुढे-मागे हलवतो. तेथे बेस वाढवणे म्हणजे रिकाम्या विहिरीत मोठी बादली सोडणे होय. यावर उपाय असा की बेस वाढवण्याऐवजी मिड आणि ट्रेबल थोडे उतरवावेत आणि व्हॉल्यूम आवाज फाटू लागण्याच्या आतच ठेवावा. तोल तोच मिळतो आणि नॉबच्या टोकाला जाऊन आवाज फाटण्याची वेळ सहसा येत नाही.

८. स्पीकर कोपऱ्यात ठेवला तर बेसचा नॉब न फिरवताच बेस वाढतो. हे कसे?

कोपऱ्यातील दोन भिंती आणि फरशी खालच्या वारंवारतांना पसरू न देता समोर ढकलतात. शिवाय खोलीची स्वतःची आवड असते: १० फुटांच्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये सुमारे ५६ हर्ट्झला लाट उभी राहते आणि तेवढाच स्वर घुमतो. (उन्हाळ्यात हवा ४५ अंशांवर गेली की ध्वनीचा वेग वाढून हाच आकडा ५९च्या जवळ जातो, कोणाच्या कानाला तो फरक कळल्याचे ऐकिवात नाही.) एकाच स्वराचा हा घुमारा बेसच्या नॉबने जात नाही, कारण नॉब आजूबाजूचे सगळेच उतरवतो. स्पीकर कोपऱ्यातून दोन फूट बाहेर काढणे अधिक गुणकारी ठरते.

९. उन्हाळ्यात कूलर सुरू असला की गाण्यातले शब्द कळत नाहीत. ट्रेबल किती वाढवावा?

हा प्रश्न दर वर्षी एप्रिलमध्ये येऊ लागतो. टोन कंट्रोल फक्त त्यातून जाणाऱ्या संगीतावर काम करतो, कूलरच्या घरघरीवर त्याचा काहीच अधिकार नाही. ती घरघर खालच्या आणि मधल्या वारंवारतांत जाड असते, आणि कानाचा स्वभाव असा की खालचा मोठा आवाज वरच्या हलक्या आवाजाला सहज झाकतो. शब्द कळतात ते मुख्यतः व्यंजनांमुळे आणि त्यांची ओळख पटवणारा बराचसा भाग २,००० ते ४,००० हर्ट्झच्या दरम्यान असतो. ट्रेबलच्या नॉबची पूर्ण वाढ मात्र १०,००० हर्ट्झच्या आसपास मिळते. ३,००० हर्ट्झला तिचा थोडाच वाटा पोहोचतो. परिणामी नॉब शेवटपर्यंत नेला तरी शब्द जेमतेम उघडतात आणि स्स-स्स मात्र टोचू लागते.

मिडचा नॉब असेल तर तो २-३ डेसिबल वर घ्यावा आणि संगीताचा बेस थोडा उतरवावा, कारण तोही शब्दांना झाकत असतो. सर्वांत उपयोगी उपाय सर्किटमध्ये नाहीच: स्पीकर ऐकणाऱ्याच्या जवळ आणावा आणि कूलरपासून दूर ठेवावा. पाऊस सुरू होऊन कूलर बंद झाला की नॉब पुन्हा मधोमध आणायला विसरू नये. ‘दिवाळीपासून ॲम्प्लिफायर कर्कश झाला’ अशी तक्रार घेऊन आलेल्या काही संचांत ट्रेबलचा नॉब तेवढा एप्रिलमधल्या जागी राहिलेला होता.

१०. रात्री हळू आवाजात ऐकताना बेस नाहीसा का होतो? ‘लाउडनेस’चे बटण त्यासाठीच असते का?

होय. हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवून दिले की कानाची संवेदनशीलता सर्व वारंवारतांना सारखी नसते आणि पातळी कमी झाली की हा फरक वाढतो. आजच्या प्रमाणित वक्रांनुसार १,००० हर्ट्झचा ४० डेसिबलचा स्वर जेवढा मोठा वाटतो, तेवढाच १०० हर्ट्झचा स्वर वाटण्यासाठी सुमारे ६४ डेसिबल लागतात. मोठ्या आवाजात ही तफावत बरीच कमी असते. लाउडनेसचे सर्किट व्हॉल्यूम कमी असताना बेस आणि काही प्रमाणात ट्रेबल आपोआप वाढवते, आणि व्हॉल्यूम वर गेला की माघार घेते. मोठ्या आवाजात हे बटण दाबून वर बेसचा नॉबही फिरवणाऱ्यांनी प्रश्न ७ पाहावा.

११. खंजेरी भजनाच्या वेळी माइक सीटी मारतो. ट्रेबल पूर्ण कमी करूनही जात नाही.

स्पीकरचा आवाज माइकमध्ये शिरून पुन्हा स्पीकरवाटे बाहेर येतो, आणि ज्या एका वारंवारतेला ही फेरी सर्वांत सोपी असते, तेथे सीटी सुरू होते. ती वारंवारता ८०० हर्ट्झची असेल तर ट्रेबलचा नॉब तिला स्पर्शही करत नाही; पूर्ण उतरवल्यावर खंजेरीची किणकिण मात्र मरते, आणि विदर्भातल्या भजनात ती गेली तर उरले काय? मिक्सरवर वारंवारता निवडता येणारा मिडचा नॉब असेल तर तो आधी थोडा वाढवून सीटी कोठे येते ते शोधावे आणि मग तेथेच ४-५ डेसिबल उतरवावे. त्याआधी स्पीकर माइकच्या पुढे, श्रोत्यांच्या बाजूला आणावेत आणि खंजेरीवाल्याने माइकपासून हातभर अंतर ठेवावे.

१२. आजोबांच्या रेडिओला एकच ‘टोन’ नॉब आहे. तो उलटा का वाटतो?

कारण तो फक्त कमी करतो. बहुतेक व्हॉल्व्ह रेडिओत एक कंडेन्सर आणि पॉट मिळून ट्रेबल ग्राउंडला सोडतात, बस. मध्यम लहरींवर शेजारच्या केंद्रांमध्ये ९ किलोहर्ट्झचेच अंतर असते, त्यामुळे ५८५ किलोहर्ट्झवरच्या आकाशवाणी नागपूरच्या प्रसारणातून साधारण ४,५०० हर्ट्झच्या वरचे फारसे काही मिळत नसे. वाढवण्याजोगे वर काही नव्हतेच. होती ती खरखर, आणि ती दाबणे हेच या नॉबचे काम.

१३. नॉब फिरवताना खर्र होते, आणि बेस वाढवला की ‘हम्म’ येते. दोन्ही एकच दोष आहे का?

नाही. फिरवतानाच येणारी खर्र ही पॉटच्या कार्बन पट्टीवरील धुळीची असते; कॉन्टॅक्ट क्लीनर मारून नॉब वीसेकदा फिरवावा. काही दिवसांतच ती परतली तर जोडणीचा कंडेन्सर गळका होऊन पॉटवर डीसी दाब येत असावा, तो बदलावा.

घुमणारी हम्म विजेच्या ५० हर्ट्झची किंवा पॉवर सप्लायमधील १०० हर्ट्झची असते. दोन्ही बेसच्या राज्यात येतात, म्हणून नॉब त्यांना वाढवतो, निर्माण मात्र करत नाही. यातून एक सोपी परीक्षा मिळते: बेसचा नॉब फिरवल्यावर हम्म कमी-जास्त होत असेल तर ती टोन सर्किटच्या आधी शिरते आहे, म्हणजे इनपुटची वायर, शील्ड आणि ग्राउंड तपासावे, होत नसेल तर दोष पुढच्या भागात शोधावा.

१४. फोनमध्ये इक्वलायझर आहे, मग ॲम्प्लिफायरवरचे नॉब कशाला?

फोनमधील इक्वलायझर हेच काम गणिताने करतो आणि त्याच्या दहा पट्ट्या बहुधा ३१, ६२, १२५ अशा दुप्पट होत १६,००० हर्ट्झपर्यंत जातात. मात्र आकड्यांना छत असते: १६ बिटमध्ये ३२,७६७ च्या वर जाता येत नाही, आणि आजची बरीच गाणी आधीच त्या छताला टेकलेली असतात. तेथे ६ डेसिबल वाढ म्हणजे दुप्पट, म्हणजे छाटणी अटळ. म्हणून जेवढी सर्वांत मोठी वाढ दिली असेल, तेवढाच इक्वलायझरमधला प्रीॲम्पचा, म्हणजे एकूण पातळीचा, सरकता नॉब खाली आणावा. ‘बेस बूस्ट’ फोनमध्येही आणि ॲम्प्लिफायरवरही, असे दोन्हीकडे ठेवू नये.

१५. मीटरवर आवाज मर्यादेत दिसतो, तरी शेजारी बेसची तक्रार करतात. खरे कोण?

दोघेही. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल(ए) ही मर्यादा आहे. यातील ‘ए’ म्हणजे मीटर कानाप्रमाणे खालच्या वारंवारतांना सवलत देतो: १०० हर्ट्झला सुमारे १९ डेसिबल, ५० हर्ट्झला सुमारे ३०. भिंती नेमक्या याच वारंवारतांना कमी अडवतात. मीटर ज्याकडे कानाडोळा करतो, तेच शेजाऱ्याच्या पलंगापर्यंत पोहोचते, तेव्हा दहानंतर व्हॉल्यूमबरोबर बेसही उतरवावा.

१६. रेकॉर्ड प्लेअर ॲम्प्लिफायरच्या ऑक्स (साध्या जादा) इनपुटमध्ये लावला. बेस पूर्ण वाढवूनही आवाज पिचका येतो.

येणारच. रेकॉर्ड कापताना बेस मुद्दाम दाबलेला आणि ट्रेबल वाढवलेला असतो. १९५४ मध्ये ठरलेल्या आणि पुढे सर्वत्र रुळलेल्या आरआयएए वक्रानुसार वाजवताना २० हर्ट्झला सुमारे १९ डेसिबल वाढ आणि २०,००० हर्ट्झला जवळपास तेवढीच घट द्यावी लागते, आणि वक्राचे कोपरे ५०, ५०० व २,१२२ हर्ट्झवर ठरलेले असतात. टोन कंट्रोलचे कोपरे वेगळ्याच जागी असल्यामुळे नॉब कितीही फिरवले तरी हा वक्र जुळत नाही. शिवाय मॅग्नेटिक कार्ट्रिज (सुई बसवलेला, सिग्नल तयार करणारा भाग) अवघे काही मिलिव्होल्ट देते. मध्ये फोनो प्रीॲम्प (हा वक्र जुळवून सिग्नल वाढवणारे सर्किट) लावावा किंवा ॲम्प्लिफायरला ‘फोनो’ इनपुट असल्यास तेथे जोडावे, आणि आधी वैतागून फिरवलेले दोन्ही नॉब मधोमध आणून मगच सुई टेकवावी.